माळ्यावरचा सोलर पंखा: दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसाला शेवटपर्यंत यायला नको. पत्र्यात बसवून माळ्यावरची तापलेली हवा बाहेर फेकणाऱ्या या पंख्याला पाचपैकी साडेतीन. त्याच्यासोबत आलेल्या वायरीला शून्य. आमच्या वायरमनला पाच, सहा देता येत नाहीत म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच पंखा याच डब्यातून तीन वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन विकायला आहे, स्टिकर तेवढा बदललेला. वर्णन देते, ओळखायचा त्यांनी ओळखावा: १४ इंची तोंड, वर काळ्या ॲल्युमिनियमची टोपी, आत ब्रशलेस मोटर, आणि ३० वॅटचं सुटं पॅनेल, त्याला पाच मीटर वायर जोडूनच आलेली. मार्च २०२४ मध्ये ११,५०० रुपयांना घेतला. मी शाळेत क्लार्क होते. निवृत्त झाले तरी बिलं पंच करून फाइलला लावायची खोड गेलेली नाही. खाली येणारे आकडे त्या फाइलीतले आहेत.

घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. भिंती चिऱ्याच्या, माजघरावर आणि दोन खोल्यांवर लाकडी फळ्यांचा माळा. माळ्याला पंखा लागतो हे २०२१ पर्यंत आमच्या गावीही नव्हतं. तोवर घरावर मंगलोरी कौलं होती. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि पुढच्या पाख्याची दीडेकशे कौलं अंगणात आली. वानर नाचून दर वर्षी पंचवीस-तीस फोडायचेच, त्यात ही भर. घर शाकारायला माणूस मिळेना. एक मिळाला तो सत्तरीचा, आणि त्याच्या हाताखाली वर चढायचा तो पोरगा आता मुंबईला. दीड वर्ष ताडपत्री बांधून काढलं. शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर मुलाने विरारहून फर्मान काढलं, पत्रा घाला. चॉकलेटी रंगाचा, कोटिंगवाला, लोखंडी चॅनेलवर. उतरवलेल्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याची छाप होती. तिकडे बाझेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला. आमच्या आजेसासऱ्यांनी कौलं गलबतातून आणवली, असं घरात सांगतात. आता ती विहिरीमागे रचून ठेवली आहेत, टाकवत नाहीत.

ठेकेदाराने जाताजाता वळचणीची फटसुद्धा चिऱ्याचे तुकडे आणि सिमेंट भरून बंद केली. साप-उंदरांची कटकट नको म्हणाला. आम्ही त्याला त्याबद्दल वर कोकम सरबत पाजलं.

पहिल्याच उन्हाळ्यात काय केलंय ते कळलं. कौलाचं छप्पर झिरपतं, म्हणजे पाणी नव्हे, हवा. दोन कौलांच्या सांध्यांतून आणि कोन्याखालून, म्हणजे आढ्यावरच्या कौलांखालून, तापलेली हवा वर निघून जाते आणि वळचणीतून थंड हवा आत ओढली जाते. मातीला तापायलाही वेळ लागतो. पत्रा साडेनऊला तापलेला असतो, आणि खाली सिमेंटने चारी बाजू बंद. माळा म्हणजे झाकण लावलेला टोप झाला. आगोटीची सगळी बेगमी आमची तिथेच असते: आमसुलं, खोबरं, कुळीथ, मिरच्या, आठळ्या. खोबरं मे संपायच्या आत खवट झालं. आढीतले आंबे बाहेरून पिवळे आणि कापल्यावर आत उकडलेले निघाले. ते फेकताना मला जे वाटलं ते हापूस ज्यांच्या अंगणात असतो त्यांनाच कळेल. खाली माजघरात सासूबाई दुपारी आडव्या होतात, वय ८४. त्या चटई घेऊन पडवीत आल्या आणि मुलाला फोनवर म्हणाल्या, "कौलां होती तेवां माळ्यार पंखो कोणी लायल्यान?" मुलगा बिचारा खजील होऊन इंटरनेटवर शोधायला लागला आणि त्यातून हा पंखा आला.

आला म्हणजे तिठ्यावरच्या दुकानापर्यंत आला. कुरिअरवाला त्यापुढे येत नाही. तिथून रिक्षाने. डब्यावर छापलं होतं, घर अमुक इतके अंश थंड. मी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, म्हणून पंखा बसवायच्या आधीच अडीचशे रुपयांचा थर्मामीटर आणला, लांब वायरीच्या टोकाला सेन्सर असतो तसला. सेन्सर माळ्यावर आढ्याखाली टांगला आणि डबी माजघरात खिळ्याला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दोन वाजता पडवीच्या सावलीत ३४ अंश आणि माळ्यावर ५१.

"चार स्क्रू आहेत गं आई," मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला. चारच होते. पण हा पंखा बनवणाऱ्याने आमच्याकडचा पत्रा पाहिलेला नाही. पंख्याचा तळ सपाट, ताटासारखा. आमचा पत्रा नागमोडी, दर आठ-नऊ इंचाला उंचवटा. सपाट ताट उंचवट्यांवर टेकलं की बाजूने बोट जाईल एवढ्या फटी राहतात. पत्र्याचं काम करणाऱ्याने त्यात सिलिकॉनच्या तीन नळ्या रिकाम्या केल्या आणि अंगठा वर करून उतरला. तो अंगठा मला जूनमध्ये आठवला.

आठवडाभर पंखा फिरला. आवाज अगदी कमी, भुंगा लांबून गुणगुणावा तेवढा. ऊन जितकं कडक तितका तो जोरात, हे मात्र बघायला मजा येते. घामाघूम होऊन वर जावं तर तो अंगात आल्यासारखा फिरत असतो. पण थर्मामीटर ४८ वर. अकरा हजारात तीन अंश! मी मनातल्या मनात एका स्टारचा अभिप्राय लिहूनही टाकला होता.

तेवढ्यात आमचा वायरमन न्हाणीघराचा बल्ब होल्डर बदलायला आला. हा मुलगा आयटीआय झालेला, आमच्याच शाळेतला, आठवीत गणितात नापास. फॉर्म मीच भरला होता. तो माळ्यावर डोकावला, पंख्याकडे बघितलं, खाली फळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "काकी, वारो भायर जाता, पण भितर खंयसून येतलो?"

मग त्याने देवघरातली उदबत्ती मागून घेतली. माळ्याच्या चारी कोपऱ्यांत वळचणीशी धरली: धूर सरळ वर, हलायला तयार नाही. कोन्याच्या पत्र्याखाली धरली: धूर बाहेर जायच्या ऐवजी आमच्याकडे आत यायला लागला. म्हणजे पंखा आपल्या शेजारचीच फट शोधून तिथली तापलेली हवा ओढत होता आणि परत बाहेर टाकत होता. शेवटी त्याने शिडीच्या झडपेशी उदबत्ती धरली. तिथे धूर माजघरातून वर असा खेचला गेला की उदबत्तीचं टोक लाल झालं. सासूबाईंच्या डोक्यावरची होती नव्हती ती गार हवा पंखा वर ओढून घेत होता आणि तिच्या जागी स्वयंपाकघरातून चुलीची गरम हवा माजघरात येत होती. मी गेले आठवडाभर म्हणत होते, दुपारी माजघरात फोडणीचा वास का येतो.

गवंड्याला बोलावून वळचणीखाली, ठेकेदाराने बुजवलेल्या जागीच, सहा भोकं पाडून घेतली. प्रत्येक नऊ बाय सहा इंच. इथे माझी शाळेतली सवय कामाला आली. पंख्याचं तोंड १४ इंच व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ १५४ चौरस इंच. सहा भोकांचं मिळून ३२४, पण उंदीर-सापांसाठी स्टीलची बारीक जाळी लावायची तर तिच्या तारा आणि धूळ मिळून तिसरा हिस्सा जागा खातात. राहिले २१६. आत यायची वाट बाहेर जायच्या वाटेपेक्षा मोठी हवी, ती झाली. कोन्याखालची फट बुजवली, झडपेला कडेने रबर लावलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता माळ्यावर ४३, बाहेर तेच ३४. माजघरात ३५ चे ३३ झाले. दोन अंश कागदावर काहीच नाहीत. पण सासूबाई चटई घेऊन परत माजघरात आल्या. मला तेवढा पुरावा पुरे.

४३ च्या खाली मात्र तो जात नाही. तापलेला पत्रा तव्यासारखा खाली धग मारत असतो आणि पंखा फक्त हवा काढतो, धग काढत नाही. शेजाऱ्यांनी पत्र्याला पांढरा रंग दिला, पहिल्या उन्हाळ्यात त्यांचं घर आमच्यापेक्षा गार होतं. एक पावसाळा गेला आणि रंगावर काळं-हिरवं शेवाळ बसलं, आता दर दिवाळीला घासायचं काम. पत्र्याखाली चंदेरी कागदाचा फोम लावतात, तो मी बघून आले, पण त्यात उंदीर बाळंतीण होतात असं ऐकून थांबले आहे.

मिरग लागला आणि पंख्याखाली घमेलं ठेवावं लागलं. आमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही, झड येते. आधी वाटलं टोपीतून येतंय. तसं नव्हतं, टोपीचं काम चोख आहे, त्याबद्दल त्यांना अर्धा स्टार जास्तच देते. पाणी पत्र्यावरून वाहत येऊन पंख्याच्या पाठीमागे अडत होतं आणि सिलिकॉन सुटलेल्या फटीतून आत उतरत होतं. सिलिकॉन उन्हाने ताणलं जातं, पत्रा रात्री आकसतो, दोन महिन्यांत कड सुटते. सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाल्यावर दुसऱ्या माणसाने खरी दुरुस्ती केली. पंख्याच्या रुंदीची पत्र्याची पट्टी घेतली, तिचं वरचं टोक कोन्याच्या पत्र्याखाली सरकवलं आणि खालचं पंख्याच्या तळावर आणलं. आता वरून आलेलं पाणी पट्टीवरूनच खाली जातं, पंख्याच्या मागे तुंबतच नाही. कौलावर कौल चढतं त्याच न्यायाने. सिलिकॉन नावालाही नाही. हे काम १,८०० रुपयांचं, आणि पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

आता वायर. ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला आणि पंखा कधी फिरायचा, कधी नाही. विक्रेत्याला चॅटवर कळवलं. उत्तर आलं, पॅनेल उन्हात ठेवा. मी लिहिलं, पॅनेल छपरावर आहे. उत्तर आलं, पॅनेल पुसा. पुसलं. उत्तर आलं, क्षार आणि गंज वॉरंटीत बसत नाहीत. मी गंजाचं नावही काढलं नव्हतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

वायरमन वर चढला आणि त्याने पॅनेलमागचं जोड उघडून मला दाखवायला खाली आणलं. काळं प्लास्टिकचं बोंडूक, आत तांब्याची तार असायला हवी तिथे हिरवी पूड. तांब्याच्या भांड्यात ताक विसरलं की जसा कळक चढतो तसा, थेट. तार बोटाने दाबली तर मोडली. पॅनेलच्या मागच्या डबीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, त्यात तिच्या अळ्या आणि त्यांच्यासाठी साठवलेले कोळी. आणि पाच मीटर वायर सबंध पांढुरकी पडलेली, वाकवली की वरचं प्लास्टिक बिस्किटासारखं तडकत होतं. सहा महिन्यांत. "ही वायर नाय काकी, सुतळी आसा," तो म्हणाला. घरातल्या भिंतीत घालायची साधी वायर होती ती. उन्हासाठी नव्हेच.

छपरावर घालायची वायर वेगळी येते, हे मला तेव्हा कळलं. सोलरची डीसी केबल म्हणून मागायची (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, पॅनेल तीच देतं), लाल आणि काळी, चार चौरस मिलिमीटरची. वरचं आवरण ऊन सोसणारं, आणि आतली तांब्याची तार कथलाचा मुलामा दिलेली. आमच्या पितळेच्या पातेल्यांना कल्हई करतात, तेच. कल्हई असली की कळक नाही. सासूबाईंना हे एका वाक्यात पटलं, मला दुकानदाराने अर्धा तास समजावलं होतं. ३० वॅटच्या पंख्याला एवढी जाड वायर लागत नाही, पण बारीक घेतली तर आमच्याकडे कल्हईची मिळत नाही, म्हणून हीच. जोड एमसी-फोरचे, एकात एक खटकन बसणारे, आत पाणी न जाणारे. पण ते दाबायचा चिमटा वेगळा असतो. पक्कडीने दाबलेलं जोड ढिलं राहतं, ढिलं जोड तापतं. वायरमनने चिमटा कणकवलीहून एका मित्राचा मागून आणला.

बाकीचं त्याने असं केलं. वायर पत्र्यावर लोळू दिली नाही, दुपारी पत्र्याला हात लावून बघा म्हणजे का ते कळेल. पाइपातून नेली. पाइपाच्या दोन्ही तोंडांना जाळीचा बोळा कोंबला, कुंभारमाशीसाठी. वायर माळ्यात शिरते तिथे आधी खाली झोळ दिला आणि मग वर वळवून आत घेतली. पागोळ्यांचं पाणी वायरीवरून धावत येतं, ते झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतं, आत येत नाही. फुकटचं काम, दोन वळणं, आणि डब्यातल्या पुस्तिकेत त्याचं चित्र नाही. ॲल्युमिनियमच्या टोपीला जे लोखंडी स्क्रू आले होते ते सगळे काढून स्टेनलेसचे लावले. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि साधं लोखंड चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसायला लागलीच होती. जाता जाता माळ्याच्या शिडीपाशी एक बटणही दिलं. विक्रेत्याने बटण दिलेलंच नव्हतं, पंखा उजाडलं की चालू. जानेवारीत सकाळी गार वारं असताना कोणाला हवाय तो?

फाइलीतली बेरीज: पंखा ११,५००, गवंडी २,४००, जाळी ९००, वायर-पाइप-जोड-स्क्रू ३,१५०, वायरमन १,५००, पत्र्याची पट्टी १,८००. एकूण २१,२५०. म्हणजे पंखा साडेअकराचा आणि त्याला माणसात आणायला पावणेदहा हजार. कोणी विचारलं तर मी पंख्याची किंमत वीस हजारच सांगते.

इथवर झालं असताना मुलाने घरावर मोठं सोलरही घेतलं, जानेवारी २०२५ मध्ये, पंतप्रधान सूर्यघर योजनेतून. तीन किलोवॅट, सबसिडी ७८,००० रुपये, ती खात्यात आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असा तो हिशेब आहे. तीनच्या वर कितीही बसवा, सबसिडी तेवढीच. त्याबद्दल सविस्तर लिहायचं तर दुसरा अभिप्राय होईल, इथे वायरिंगपुरतं लिहिते, कारण पंख्याने शिकवलेलं मी तिथे वापरलं.

एजन्सीची पोरं दोन दिवसांत सहा पॅनेलं चढवून मोकळी झाली. पंख्याची वायर तुटली तर पंखा बंद पडतो, एवढंच. इथे एकेक पॅनेल उन्हात पन्नासएक व्होल्टचं, सहा एका माळेत, म्हणजे तीनशे व्होल्ट डीसी, आणि ते ऊन असेस्तोवर बंद करता येत नाही. खाली स्विच पाडला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच. आणि ती वायर पोरांनी पन्हळीतून नेली होती. पन्हळीत, जिथून पावसाचं पाणी जातं तिथून! प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून. त्या पट्ट्या आमच्या उन्हात वर्ष काढत नाहीत. मी वायरमनला फोन केला आणि एजन्सीच्या सुपरवायझरला पडवीत बसवून ठेवला. चहा दोनदा झाला.

वायरमनने डीसीचा डबा उघडला आणि आत घरातल्या बोर्डात असतो तो साधा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपणहून पडणारा स्विच, दाखवला. मला त्याने जे सांगितलं ते मी इथे सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. घरातली वीज एका सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडताना ठिणगी पडली तरी ती पुढच्या शून्याला विझते. डीसीला शून्यच नाही. साध्या एमसीबीत ती ठिणगी तशीच तगून राहते, वेल्डिंगसारखी, आणि डबा जळतो. डीसीचा एमसीबी वेगळा येतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं. सुपरवायझर म्हणाला, सगळीकडे हाच लावतो. मी म्हटलं, सगळीकडचं मला माहीत नाही, हे घर माझं आहे आणि मी तुमच्या पूर्णत्वाच्या कागदावर सही केलेली नाही. चार दिवसांनी बदलून गेला. क्लार्क माणसाच्या हातात सही तेवढीच असते.

अर्थिंगवरूनही थोडं झालं. तीन अर्थिंग लागतात: आभाळातली वीज पडली तर तिच्यासाठी एक, पॅनेलच्या सांगाड्याला आणि डीसीला एक, घराच्या बाजूला एक. पोरं तिन्ही खड्डे घरामागे सड्याच्या कडेला खणत होती, तिथे दीड हातावर जांभा लागतो आणि उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा. कोरड्या जांभ्यात वीज जिरत नाही. सासूबाईंनी पडवीतून हात केला: मोरीचं पाणी जातं तिथे केळीच्या बुंध्याशी खणा, तिथे बारा महिने ओल असते. दोन खड्डे तिथे झाले. पडणाऱ्या विजेसाठीचा मात्र लांबच ठेवला, माणसांच्या वावरापासून. केळीचा एक घड त्या वर्षी गेला, पोरांनी मुळंच कापली.

एप्रिलात या सोलरने ३९० युनिट दिले, जुलैत १४०. तक्रार नाही, जुलैत आम्हालाही ऊन मिळत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी सव्वाबाराला, लाइट गेली. ऊन असं की अंगणात पाय ठेववेना. मुलगा सुट्टीला आलेला, तो म्हणाला, काळजी नको, आपलं सोलर आहे. माजघरातला पंखा बंद. फ्रिज बंद. सोलरच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची डीसी घरच्या विजेत बदलणाऱ्या डब्यावर, लाल दिवा. छपरावर तीन किलोवॅट उन्हात तळतंय आणि घरात एक बल्ब लागत नाही. मुलाने बटणं दाबून बघितली, एजन्सीला फोन लावला. मग कळलं, बाहेरची लाइन बंद झाली की असलं सोलर आपणहून बंद होतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरची वीज उलटी जाऊन धक्का बसू नये म्हणून. योग्यच आहे, त्यात चूक कोणाची नाही. फक्त बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर हे सोलर कामाचं नाही, हे विकताना कोणी बोललं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

सगळं घर गप्प झाल्यावर माळ्यावरून गुणगुण ऐकू यायला लागली. तीस वॅटचा पंखा. त्याचा ना लाइनशी संबंध ना इन्व्हर्टरशी, पॅनेल आणि तो, मध्ये कल्हईची वायर. सासूबाई चटईवर डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "मोठो निजलो, बारको राबता."

लाइट चारला आली. तोवर माळा ४३ वर होता आणि माजघर ३४ वर. पत्र्याखाली त्या दुपारी तो नसता तर काय झालं असतं ते मला २०२३ वरून ठाऊक आहे.

दीड स्टार कुठे कापले तेही लिहायला हवं. संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपं झालं की हा रेंगाळतो आणि सहाला थांबतो, आणि पत्र्याखालची गरमी आठपर्यंत हटत नाही. नेमक्या जेवणाच्या वेळी घर तापलेलं. बॅटरीवाला मिळतो, पण माळ्यावरच्या उष्णतेत बॅटरी किती टिकेल याची मला शंका आहे. आणि पावसाळ्यात, जेव्हा माळ्यावर ओल असते, सुपांना आणि पाट्यांना बुरशी येते, तेव्हा हा ढगाखाली पेंगत असतो. जुलैत तो दिवसाला जेमतेम दोन तास फिरला असेल. ओलीसाठी कोणी घेणार असेल तर घेऊ नका. त्यापेक्षा वाऱ्यावर फिरणारा तो स्टीलचा गोळा बरा, आमच्याकडे पावसात वाऱ्याला तोटा नाही. फक्त झडीत त्याच्यातून पाणी येतं का ते ज्याच्याकडे बसवलाय त्याला आधी विचारा.

एक वर्षाने वळचणीच्या जाळ्या काढून धुवायला लागतात. कोळिष्टकं आणि भुसा मिळून त्या अर्ध्या बुजलेल्या होत्या, माळा परत ४५ दाखवायला लागल्यावर लक्षात आलं. टूथब्रश चालतो.

राहिला माड. पॅनेल दक्षिणेच्या पाख्यावर आहे आणि पश्चिमेला आमचा जुना माड. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला त्याच्या एका झावळीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर येते. हातभर सावली, पण पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. पंखा हळू होतो आणि वीसेक मिनिटं थांबतो. परवा नारळ पाडायला माणूस आला होता, त्याला मी ती झावळ दाखवून म्हटलं, एवढी उतरव. तो कोयता कमरेला लावून चढायला लागला तर सासूबाई आतून ओरडल्या, ती नको. पंखा थांबला की त्या उठतात. चहाची वेळ त्यांनी त्यावर लावून ठेवली आहे.